मृतांचें मागणें

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास आष्टी तालुका आहे. त्याच्या शिंवेवरून सीना नदी वाहते. अलीकडे बीड, पलीकडे अहिल्यानगर. या नदीकांठच्या एखाद्या गांवीं सकाळच्या प्रहरीं गेलें, तर एक देखावा वर्षांतून अनेकदां दृष्टीस पडतो. श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं तो आपापल्या गांवींहि पाहिला असेल. वाळवंटांत पांचपन्नास माणसें उभीं आहेत. भाताचे पिंड मांडून झाले आहेत, आणि शेजारच्या पत्रावळीवर गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ वाढलेले आहेत. भटजींचे मंत्र संपले आहेत. आतां कोणाच्याच हातीं करण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. सर्वांचे डोळे समोरच्या बाभळीकडे लागले आहेत. बाभळीवर कावळे आहेत. पण खालीं एकहि उतरत नाहीं.

थोडा वेळ असा जातो आणि मग मंडळींत कुजबूज सुरू होते. गेलेल्याचें मन कशांत गुंतलें असेल? धाकट्या मुलीचें लग्न राहिलें होतें. विहिरीचें काम अर्धें होतें. शेवटीं थोरला मुलगा पुढें होतो, हात जोडतो आणि मोठ्यानें म्हणतो, "आबा, धाकटीचं लगीन आम्ही लावून देतों. घोर करूं नका." तरी कावळा येत नाहीं. मग गर्दींतून एक माणूस सावकाश बाहेर येतो. तो गेलेल्याचा पाठचा भाऊ असतो. शेताच्या बांधावरून वाद झाल्यापासून दोघांत बोलणें नव्हतें. सर्वांदेखत तो म्हणतो, "दादा, बांधाचं भांडण मिटलं. आतां जेवा."

त्यानंतर कावळा येतो, किंवा येतहि नाहीं. न आल्यास दर्भाचा कावळा करून तो पिंडास शिवविण्याची सोय रूढीनें करून ठेविलेली आहे. परंतु कावळा शिवला कीं नाहीं यापेक्षां बांधाचा वाद मिटला ही गोष्ट मोठी असते. जें वाक्य इतकीं वर्षें ओठांवर आलें नाहीं, तें दहाव्या दिवशीं गांवाच्या साक्षीनें बाहेर पडलें. मरणानंतर काय, या प्रश्नाभोंवतीं जगांतील लोकांनीं जें कांहीं रचिलें आहे, त्यांतील एक मोठें मर्म या एका प्रसंगांत सांपडतें. मृत मनुष्य कोठें जातो, याविषयीं एका देशाचें दुसऱ्या देशाशीं पटत नाहीं. पण तो काय मागतो, याविषयीं मात्र बऱ्याच अंशीं एकमत दिसून येतें.

महाराष्ट्राच्या भूमींत ही चिंता ग्रंथांहून जुनी आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून अनेक वर्षें उत्खनन केलें. तेव्हां इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांत नांदलेली शेतकऱ्यांची एक वस्ती उजेडांत आली. हे लोक आपल्या मृतांस बहुधा घराच्या जमिनीखालींच पुरीत असत. लहान मूल गेलें तर मातीचे दोन कुंभ आडवे करून, तोंडाला तोंड लावून, त्यांत तें ठेवीत. मोठें माणूस गेलें तर त्यास उताणें निजवीत. मात्र पुरण्यापूर्वीं त्याचीं पावलें घोट्यापासून तोडीत. संशोधकांचा तर्क असा कीं, गेलेल्यानें घर सोडून जाऊं नये, म्हणून ही योजना असावी. एकाच खड्ड्यांत माया आणि भय यांचें असें सहवास्तव्य क्वचितच पाहावयास मिळतें. माणूस जवळ हवा, म्हणून तो अंगणांत नव्हे तर घरांत पुरावयाचा. आणि तो भटकूं नये, म्हणून त्याचे पाय काढावयाचे! गोदावरीच्या खोऱ्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत झालेल्या उत्खननांतहि मुलांचीं अशीं कुंभदफनें मिळालीं. याच नेवाशांत पुढें इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या मातींत मृताच्या पायांची भीति पुरलेली होती, त्याच मातीवर देहाच्या नश्वरतेचें निर्भय निरूपण झालें. या दोहोंमध्यें निदान दोन हजार वर्षांचें अंतर आहे.

पाय तोडण्याचा विचार सुटला, तेव्हां मृतास वाट द्यावी लागली. वाट आली म्हणजे वाटाड्या आला आणि राखणदारहि आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील यम हा पुढील काळांतल्यासारखा दंड करणारा राजा नाहीं. मर्त्यांसाठीं परलोकाची वाट प्रथम शोधून काढणारा तो पूर्वज आहे. त्या वाटेवर सरमेचे दोन पुत्र, चार डोळ्यांचे कुत्रे, पहारा करितात. हे कुत्रे सिंधूपलीकडेहि ओळखीचे आहेत. पारशी धर्मांत मृतदेह कुत्र्याच्या नजरेखालून नेण्याचा विधि आहे, त्यास 'सगदीद' म्हणतात. आणि त्यासाठीं डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे जणूं चार डोळ्यांचा, कुत्रा उत्तम मानिलेला आहे. ग्रीक लोकांच्या पाताळाच्या दारांतहि अनेक मस्तकांचा कुत्राच बसलेला असतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत भाऊ आणि पत्नी वाटेंत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालला तोहि कुत्राच. आणि त्यास टाकून स्वर्गांत येणार नाहीं, असें युधिष्ठिरानें म्हणतांच तो धर्मरूपानें प्रकट झाला. ज्या प्राण्यानें रात्रीं उंबरठा राखला, त्याच्याच हातीं मनुष्यानें शेवटचा उंबरठाहि सोंपविला, असें दिसतें.

पारशी लोकांच्या रीतीचा येथें आणखी एका कारणानें विचार केला पाहिजे. अग्नि, पृथ्वी आणि जल हीं विटाळूं नयेत म्हणून मृतदेह दख्म्यावर पक्ष्यांच्या स्वाधीन करावयाचा, ही त्यांची परंपरा. मुंबईच्या मलबार टेकडीवरील डुंगरवाडींत ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. परंतु १९९० नंतरच्या काळांत हिंदुस्थानांतील गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. जनावरांना दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध, त्यांच्या मृत शरीरांवाटे गिधाडांच्या पोटांत जाऊन, त्यांच्या नाशास कारण झालें, हें पुढें सिद्ध झालें. आणि २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. तोंपर्यंत गिधाडांची बहुतेक पिढी नष्ट झाली होती. डुंगरवाडींत सूर्याचे किरण एकवटणारीं उपकरणें बसवावीं लागलीं, आणि कांहीं कुटुंबें दहनाकडे वळलीं. परलोकाची वाट आकाशांतून जात असली, तरी तिचा पहिला टप्पा याच पृथ्वीवर असतो, आणि तेथें एखाद्या पक्ष्यावांचूनहि ती अडते, असा त्याचा अर्थ.

वाट संपते तेथें न्याय असतो. इजिप्तच्या प्राचीन लोकांनीं हा न्याय तराजूनें केला. एका पारड्यांत मृताचें हृदय आणि दुसऱ्यांत सत्यदेवता मात हिचें पीस. भोंवतीं बेचाळीस न्यायाधीश. त्यांच्यापुढें मृतानें आपण काय केलें नाहीं, याची यादी सांगावयाची: कोणास उपाशी ठेविलें नाहीं, कोणास रडविलें नाहीं, मापांत खोट केली नाहीं. हृदय जड ठरलें, तर मगरीच्या तोंडाची राक्षसी तें गिळून टाकी. भारतांत हेंच काम चित्रगुप्ताच्या चोपडीकडे आलें. इस्लाममध्यें कबरींतच मुन्कर आणि नकीर हे दोन देवदूत येऊन प्रश्न विचारतात. नंतर पूल लागतो. पारशांचा चिन्वत् पूल सज्जनास रुंद आणि दुर्जनास अरुंद होतो; मुसलमानांचा सिरात केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार सांगितलेला आहे; गरुडपुराणांत पुलाऐवजीं वैतरणी नदी आहे, आणि दान केलेल्या गाईच्या आधारानें ती तरून जावयाची आहे. तराजू, चोपडी, पूल आणि नदी, हीं सर्व व्यापाराचीं, कचेरीचीं आणि प्रवासाचीं साधनें होत. मनुष्यानें न पाहिलेल्या लोकासाठीं पाहिलेल्या जगांतूनच सामान नेलें. मात्र त्या न्यायासनापुढें जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील कितीतरी शेजाऱ्याशीं, नोकराशीं, गिऱ्हाइकाशीं आणि भुकेल्याशीं केलेल्या वर्तनाचे असतात. परलोकाचा दरबार इहलोकाची फिर्याद ऐकण्यासाठींच भरतो.

न्यायाहून जुनी आणि न्यायाहून खोल अशी आणखी एक कल्पना आहे. ती म्हणजे मृतांची भूक. मेसोपोटेमियांतील गिलगामेशाच्या कथाचक्रांत त्याचा मित्र एन्किडू पाताळांतील हकीकत सांगतो. ज्याला पुत्र अधिक, त्याची तेथें व्यवस्था बरी. आणि ज्याला अन्नपाणी देणारें मागें कोणीच नाहीं, तो भांड्याचें खरवडलेलें आणि रस्त्यावर फेंकलेले तुकडे खाऊन राहतो. हे मातीचे लेख सुमारें चार हजार वर्षांपूर्वींपासूनचे आहेत. महाभारताच्या आदिपर्वांत जरत्कारु नांवाचा तपस्वी वनांत फिरत असतां त्यास एका खड्ड्यांत कांहीं जीव खालीं डोकें करून लोंबकळत असलेले दिसतात. ज्या गवताच्या मुळास ते धरून आहेत, तें मूळ एक उंदीर कुरतडीत आहे. विचारपूस करितां कळतें, कीं हे त्याचेच पितर. वंश खुंटत आला म्हणून त्यांची ही अवस्था. तपस्व्यानें लग्न करण्याचें कबूल केलें, तें त्या खड्ड्याच्या कांठावर. बौद्ध परंपरेंत मौद्गल्यायनास आपली मृत आई प्रेतयोनींत भुकेनें तळमळतांना दिसते. त्यानें दिलेला घांस तिच्या तोंडीं जाण्यापूर्वींच निखारा होतो. आणि भिक्षुसंघास भोजन घातल्यावर तिची सुटका होते. या कथेवरून जपानांत 'ओबोन' नांवाचा पितरांचा उत्सव आजहि साजरा होतो. ज्या 'उल्लंबन' शब्दापासून तें नांव आलें असें सांगतात, त्याचा परंपरागत अर्थ उलटें टांगणें असा आहे. जरत्कारूचे पितर अशा रीतीनें समुद्रापार जाऊन पोंचले आहेत!

मेक्सिको देशांत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशीं मृतांसाठीं घरोघर आरास मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ वाढतात, आणि त्यांना वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. महाराष्ट्रांत दसऱ्याला ज्या झेंडूवांचून चालत नाहीं, त्याचें मूळ त्याच देशांतील. आणि भाद्रपदांतील पितृपक्षाविषयीं मराठी घरांस काय सांगावें! भाजणीच्या वड्यापासून खिरीपर्यंत जो बेत होतो, त्यांत गेलेल्या प्रत्येकाची आवडनिवड जपलेली असते. तर्पणाच्या विधींत तर याहून सुंदर गोष्ट आहे. स्वतःचे पितर झाल्यावर शेवटीं, ज्यांना कोणी बांधव उरलेला नाहीं अशांसाठींहि पाण्याची ओंजळ सोडावयाची असते. बॅबिलोनचा तो खरकटें खाणारा बेवारस आत्मा भारतीय विधींत असा एका ओंजळीचा धनी झाला.

या सर्वांवर आक्षेप घेणारे लोक कधींच कमी नव्हते. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांत चार्वाकांचा युक्तिवाद दिला आहे. श्राद्धाचें अन्न मृतास पोंचत असेल, तर गांवाला गेलेल्यासाठीं शिदोरी बांधून देण्याचें कारण काय? घरींच कोणास जेवूं घातलें म्हणजे झालें! रामायणांत जाबालि हाच विचार रामापुढें मांडतो, आणि राम त्याचा निषेध करितो. तरी मूळ प्रश्न ग्रंथांत राहिलाच. एकोणिसाव्या शतकांत महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हां जन्मापासून मरणापर्यंतचे विधि मध्यस्थावांचून व्हावेत, हा त्यांच्या कार्याचा एक भाग होता. गरिबाच्या घरीं मरण आलें कीं दुःखाबरोबर कर्जहि येतें, हें त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडांत, १९५३ सालीं, अंत्येष्टि, आशौच आणि श्राद्ध यांचीं मतमतांतरें शेंकडों पानांत मांडून दाखविलीं. तीं वाचलीं म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते, कीं ज्या रीतींस लोक अनादि समजतात, त्या काळानुसार आणि देशानुसार सारख्या बदलत आल्या आहेत.

चार्वाकाच्या प्रश्नास महाराष्ट्रानें एक उत्तर दिलें आहे. पण तें तर्काचें नव्हे. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या चरित्रांत तें येतें. श्राद्धाचा दिवस होता. स्वयंपाकाचा सुवास वाटेनें जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांपर्यंत गेला, आणि त्यांच्या लेकरांनीं तोंडाला सुटलेलें पाणी आवरून मोठ्या माणसांकडे पाहिलें. नाथांनीं तें सर्व अन्न त्यांना वाढलें. गांवचे ब्राह्मण रागावून जेवावयास आले नाहींत. तेव्हां नाथांचे पितर स्वतः येऊन पंक्तीस बसले, असें चरित्रकार महीपति सांगतात. या कथेंत पितरांना अन्न पोंचलें कीं नाहीं, हा वाद उरतच नाहीं. ज्याला भूक होती त्याला तें पोंचलें, म्हणूनच तें पितरांना पोंचलें, असा तिचा भाव आहे. नाथांनीं १५९९ सालीं देह ठेविला. परंतु चार्वाक आणि कर्मठ या दोघांनाहि निरुत्तर करणारी ही पंगत अद्यापि उठलेली नाहीं.

याच नाथांच्या गुरुपरंपरेचा एक धागा आष्टी तालुक्यांत येतो. या तालुक्यांतील वाहिरा हें संत शेख महंमद यांचें गांव. त्यांचे गुरु चांद बोधले. आणि एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी हेहि त्यांचेच शिष्य, असें परंपरा मानिते. शेख महंमद मुसलमान कुळांत जन्मले आणि मराठींत लिहिते झाले. १६४५ च्या सुमारास पूर्ण झालेला त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ प्रसिद्ध आहे. देहाच्या रणांगणावर जीवानें आपल्याच विकारांशीं करावयाचें युद्ध, असा त्या नांवाचा आशय. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनीं त्यांना सीनेपलीकडे श्रीगोंदें येथें नेऊन वसविलें, असें सांगतात. आणि तेथेंच त्यांचें चिरविश्रांतिस्थान आहे. कोणी त्यास समाधि म्हणतात, कोणी दर्गा म्हणतात. हिंदु आणि मुसलमान दोघेहि तेथें माथा टेकवीत आले आहेत.

दर्ग्यांत सत्पुरुषाच्या पुण्यतिथीस उरूस म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विवाह असा आहे. भक्ताचें मरण म्हणजे परमेश्वराशीं त्याचें लग्न, ही कल्पना त्यामागें आहे. बीड जिल्ह्यांतच कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे. त्यांच्या वीरशैव परंपरेंत मनुष्य मेला असें न म्हणतां लिंगैक्य झाला असें म्हणतात, आणि देह बसलेल्या स्थितींत भूमीस देतात. चक्रधरस्वामींच्या प्रयाणास महानुभाव पंथीय मरण म्हणत नाहींत. ते उत्तरापंथास गेले, असें म्हणतात. आळंदीस १२९६ मध्यें ज्ञानदेव आपल्या पायांनीं समाधींत उतरले. आणि आष्टी तालुक्याच्याच सावरगांवाजवळ, गर्भगिरीच्या डोंगरांत, मायंबा येथें मच्छिंद्रनाथांची समाधि दाखवितात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते.

मच्छिंद्रनाथांची एक कथा धुंडिसुत मालू यांच्या १८१९ सालच्या नवनाथ भक्तिसारांत आहे. प्रयागचा राजा त्रिविक्रम मेला आणि सारी प्रजा आकांत करूं लागली. तो शोक गोरक्षनाथास पाहवेना. शिष्याच्या हट्टास्तव मच्छिंद्रनाथांनीं आपला देह बाजूस ठेविला, राजाच्या शरीरांत प्रवेश केला, आणि बारा वर्षें राज्य चालविलें. योग्यानें एवढी सिद्धि मिळविली, आणि ती खर्च कशासाठीं केली, तर रडणाऱ्या माणसांसाठीं. कथेंतील चमत्कार मानावा कीं न मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न; परंतु मरणावर विजय मिळविलेला पुरुषहि जिवंतांच्या अश्रूंकडे पाठ फिरवूं शकला नाहीं, ही गोष्ट कथाकारानें मुद्दाम सांगितली आहे.

सूफी साधक मरणापूर्वींच मरावें असें शिकवीत. तुकोबांनींहि जिवंतपणीं आपलें मरण अनुभवल्याची साक्ष दिली आहे. या म्हणण्याचा अर्थ मीपणाचा त्याग असा करितात, आणि तो यथार्थच आहे. परंतु प्रापंचिक मनुष्यास त्याचा एक सोपा अर्थहि घेतां येईल. मरतांना जें सोडावें लागणार, तें थोडें आधीं सोडावें. आणि मेल्यावर जें मागावें लागणार, तें थोडें आधीं मागून घ्यावें.

तें मागणें कोणतें, याचीं दोन उत्तरें जगाच्या दोन टोंकांस सांपडतात. कठोपनिषदांतील नचिकेता हा मुलगा बापाच्या रागाच्या एका शब्दावरून यमाच्या घरीं गेला. यम घरीं नव्हता. मुलगा तीन रात्री दारांत उपाशी बसून राहिला. यम परत आला तेव्हां ओशाळला. अतिथि उपाशी राहिला हें पाप मृत्यूच्या देवासहि जड वाटलें. तीन रात्रींबद्दल त्यानें तीन वर देऊं केले. मरणानंतर मनुष्य उरतो कीं नाहीं, हा सुप्रसिद्ध प्रश्न नचिकेत्यानें तिसऱ्या वराच्या वेळीं विचारला. दुसऱ्यानें त्यानें अग्नीची विद्या मागितली. पहिला वर मात्र असा होता, कीं बापाचा राग शांत व्हावा, आणि आपण परत गेलों म्हणजे त्यानें आपल्याला ओळखून प्रेमानें बोलावें. मृत्यूच्या दारांत उभा असलेला तो बुद्धिमान मुलगा तत्त्वज्ञानाकडे वळण्यापूर्वीं घरचें भांडण मिटवून घेतो!

दुसरें उत्तर ग्रीक महाकवि होमर याच्या ओडिसी काव्याच्या अकराव्या सर्गांत आहे. ओडिसियस पाताळांत जातो आणि तेथें त्यास महावीर अकिलीस भेटतो. मृतांमध्यें तूं राजासारखा आहेस, असें ओडिसियसनें म्हणतांच अकिलीस त्यास थांबवितो. मृतांचें राज्य करण्यापेक्षां गरीब कुणब्याच्या घरीं मजुरी करून जगणें बरें, असें तो सांगतो. आणि लगेच विचारितो तें आपल्या मुलाविषयीं व म्हाताऱ्या बापाविषयीं. मुलगा लढाईंत शूरासारखा वागला हें ऐकतांच तो लांब लांब पावलें टाकीत, आनंदानें, पाताळांतील कुरणांतून निघून जातो. त्याला सुटका मिळाली नाहीं, स्वर्ग मिळाला नाहीं. घरची एक बरी बातमी मिळाली, आणि तेवढी त्यास पुरली.

ज्ञानदेवांच्या एका विराणींत कावळा हा येणाऱ्या पाहुण्याची वार्ता आणणारा पक्षी आहे. सीनेच्या वाळवंटांत तो गेलेल्याकडे वार्ता नेणारा होतो. मुलीचें लग्न होईल, ही वार्ता. विहीर पुरी होईल, ही वार्ता. बांधाचें भांडण मिटलें, ही वार्ता. इनामगांवच्या शेतकऱ्यानें मृताचे पाय तोडून त्यास घरांत ठेविलें. त्यानंतरच्या पिढ्यांनीं त्यास जाऊं दिलें, पण जातांना त्याच्या गांठीस एक शब्द बांधून देण्याची रीत घातली. हा शब्द पुढें कोणास पोंचतो, तें कावळा सांगत नाहीं. मात्र तो शब्द बोलणारा मनुष्य नदीवरून परततो, तेव्हां त्या शब्दानें बांधलेला असतो. कारण पांचपन्नास माणसांनीं तो ऐकलेला असतो. धाकटीचें लग्न खरोखरच लागतें. पुढच्या पावसाळ्यांत दोन्ही घरच्या पाभरी त्या बांधाच्या दोन्ही अंगांस बिनतक्रार चालतात.

आष्टी, पाटोदा या भागांतील कितीतरी कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं घर सोडून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. या काळांत एखाद्या म्हाताऱ्याचे डोळे गांवीं मिटतात, तेव्हां मुलगा दूर कोठल्या फडांत असतो. तो धांवत येतो. कधीं वेळेवर पोंचतो, कधीं पोंचत नाहीं. दहाव्याला तो जें हात जोडून बोलतो, तें बहुधा दहा दिवसांपूर्वीं बोलावयाचें राहून गेलेलें असतें. ही चुटपुट खेड्यांतली आणि शहरांतली सारखीच असते. शहरांत नदी दूर असते, कावळे दुर्मिळ झालेले असतात, आणि दहावा दोन तासांत उरकतो. पण राहून गेलेलें वाक्य तेवढेंच लांब असतें.

दहाव्याचा विधि ज्यास करावासा वाटतो, त्यानें तो श्रद्धेनें करावा; ज्यास तो पटत नाहीं, त्यानें नाथांप्रमाणें भुकेल्यास जेवूं घालावें. दोघांनाहि दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र नदीवर उभा राहून धाकटा भाऊ जें वाक्य बोलला, तें नदीवरच बोललें पाहिजे असा नियम कोणत्याच शास्त्रांत नाहीं. तें बांधावर बोलतां येतें, ओसरीवर बोलतां येतें, आजाऱ्याच्या उशाशीं बसून बोलतां येतें. त्या वेळीं ऐकणारा समोर असतो. आणि त्याचें उत्तर ऐकण्यासाठीं बाभळीकडे पाहत उभें राहावें लागत नाहीं.